चौदावा फर्मा

मंगळवार, ता. ७

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तिकडे तूही बरी असशील असं धरून चालते. अक्षर ओळखलंस का? नाही ओळखलंस तरी तुझी चूक नाही. एकोणीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि त्याआधी लिहायची वेळच आली नव्हती, तू आतल्या खोलीत आणि मी बाहेरच्या. माझी शाळा दुसरीपर्यंतची. जोडाक्षर आलं की पेन अडतं, मग मी उठते, पाणी पिऊन येते आणि पुढे लिहिते. आज सकाळपासून तीन तांबे झाले.

पत्ता तू चार वर्षांपूर्वी मला पाठवलेल्या पाकिटावरून उतरवला आहे. तू तिथेच असशील तर हे पत्र मिळेल.

नमनालाच घडाभर तेल नको, बातमी सांगते. तुझी लेक वकिलीचं शिकते आहे. घरबसल्या, पोस्टानं. एकवीस पुरी झाली तिला. तू तिला काय हाक मारायचीस ते मी विसरले नाही, पण इथे सगळे तिला मुंगी म्हणतात, लहानपणापासून स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलून चालायची खोड म्हणून. उंचीला तुझ्यावर गेली आहे. चालणं मात्र बापाचं, डावा खांदा जरा खाली टाकून. पाठमोरी जाताना पाहिली की मी तिला माझ्या मुलाच्या नावानं हाक मारता मारता थांबते. असो.

दिवसा ती कपडे धुऊन इस्त्री करून देतात त्या दुकानात काउंटरवर असते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, मध्ये अर्धा तास जेवायला. मालकीणबाई वाईट नाही, पण तिचं म्हणणं असं की गिऱ्हाईक दारात आणि नोकराच्या हातात पुस्तक, मग हे दुकान म्हणायचं की वाचनालय. तिचंही खरंच आहे.

गेल्या वर्षी पहिलं खोकं आलं तेव्हा पोस्टमन दोन जिने चढून आला आणि पायरीवर बसूनच राहिला. त्याला चहा दिला तेव्हा कुठे बोलायला लागला. आत नऊ पुस्तकं. एक तर असं दांडगं की त्यावर उभं राहून माळ्यावरचा डबा काढावा. मी म्हटलं, अगं, यांनी कायदा वजनावर विकायला काढलाय की काय. बरोबर एक छापील कागद होता, कुठल्या आठवड्यात कुठला धडा संपवायचा त्याचा. आठवड्याला दोनशेवीस पानं, शिवाय महिनाअखेर उत्तरं लिहून पाठवायची. आणि पोरीच्या हातात वेळ किती, तर तुकडे. सकाळचा एक, दुपारचा एक, बसमधला एक. दोन महिन्यांत ती सहाशे पानं मागे पडली. एका रविवारी पाहते तर समोर ते दांडगं पुस्तक उघडं आणि ही पान उलटतच नाही. म्हणाली, कितीही वाचलं तरी उजवीकडची जाडी हलत नाही, हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे, उद्या खोकं परत पाठवते.

आता तूच सांग, चौतीस वर्षं बाइंडिंगखान्यात घालवलेल्या बाईपुढे पुस्तकाच्या जाडीचं रडगाणं. मी हजारो पुस्तकं शिवली आणि वाचलं एकही नाही, पण पुस्तक कशाचं होतं ते मला विचारावं. तुझ्या आता ध्यानात नसेल म्हणून सांगते, सोळा सोळा पानांचे जुडगे असतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. ते एकावर एक रचून शिवले, वर पुठ्ठा चढवला की लोक त्याला पुस्तक म्हणून भितात. मी पातं घेतलं, पुठ्ठा सोडवला, पाठीवरची खळ भिजवून खरवडली आणि दोरा उसवला. ती हां हां म्हणेपर्यंत टेबलावर एकतीस फर्मे मांडून ठेवले होते. म्हटलं, पुस्तक वाचूच नकोस, फर्मा वाच.

तेव्हापासून आमच्या घरात हाच कारखाना. प्रत्येक फर्म्याला पातळ कागदाचं कव्हर आणि दोन टाके. कराराच्या पुस्तकाला निळा दोरा, गुन्ह्यांच्याला लाल, घरच्या माणसांच्या कायद्याला, म्हणजे त्या दांडग्याला, पिवळा. एकदा वाचून झालं की दोऱ्याला एक गाठ, दुसऱ्यांदा वाचलं की दुसरी. रोज दोन फर्मे, एक कानात आणि एक खिशात, रविवारी सुटी म्हणून चार. खिशातला तिच्या दुकानाच्या ॲप्रनमध्ये बसतो, मी मापच तसं काढलं. कानातला म्हणजे सकाळी ती आवरत असताना मी मोठ्यानं वाचते तो. माझं वाचणं म्हणजे चढावर ढकलगाडी. पण ती म्हणते, आजी, तू इतकी हळू वाचतेस की प्रत्येक शब्द पाय रोवून आत जातो. तिच्यासमोर फार ठेचकाळायला नको म्हणून मी उद्याचा फर्मा आदल्या दुपारी एकटीच बोट ठेवून वाचून काढते. या वयात, सूनबाई, मला करार म्हणजे काय ते माहीत झालं. जामीन माहीत झाला. भाजीवाला वजनात मारायला लागला की मी त्याला कलम सांगते, आणि तो बिचारा दोन मिरच्या वर टाकतो.

चार महिन्यांत मागची पानं भरून निघाली. वर्षाअखेर नऊपैकी आठ विषयांत ती पास झाली, करारात तर पहिल्या शंभरात नंबर आला. राहिली फक्त पिवळ्या दोऱ्याच्या विषयात, सहा मार्कांनी. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला तो पेपर पुन्हा आहे. तो सुटला तरच दुसऱ्या वर्षाचं खोकं येईल, नाहीतर नाव काढून टाकतात. का राहिली ते मागाहून.

हे मी तुलाच का लिहिते, असं मनात येईल तुझ्या. आनंद सांगायला माणूस लागतं. फर्मे क्रमानं लावायच्या जुळवणीच्या टेबलावर माझ्या शेजारी बसणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. शेजारणींना सांगितलं तर त्या आपापल्या नातवंडांचं काढतात. तेव्हा वाटलं, या बातमीनं माझ्याइतकं सुख होईल असं जगात एकच माणूस आहे.

उत्तराची घाई नाही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

तुझी,
आई
(तू तसं म्हणायचीस म्हणून लिहिलं)


गुरुवार, ता. १६

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुझं उत्तर काल दुपारी आलं. मुंगी कामावर होती. दोनच ओळी आहेत, तरी मला वाचायला अर्धा तास लागला, अक्षर वाईट म्हणून नव्हे.

तू लिहिलंस, ‘आई, ती सुखी आहे हे वाचून बरं वाटलं. मी तिला दोन शब्द लिहिले तर चालेल का, की तो कागद अजून लागू आहे?’

मला वाटलं होतं, तू शिव्या देशील. त्याची मी तयारी ठेवली होती.

तर आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं. तो कागद लागू नाही. तो कधीच लागू नव्हता.

आता क्रमानं सांगते, नाहीतर मी पुन्हा भाजीवाल्यावर जाईन. माझा मुलगा गेला तेव्हा मुंगी दीड वर्षाची होती. सहा महिन्यांनी तू नर्सचं शिकायला निघालीस. आठ महिन्यांचा तर प्रश्न आहे आई, मग खोली घेऊन तिला नेते, असं म्हणालीस. मी बरं म्हटलं. तोंडानं म्हटलं. घरात त्याचे डोळे घेऊन फिरणारं तेवढंच एक उरलं होतं. मी कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडे गेले आणि त्याच्याकडून कागद करून घेतला, की मुलीवर आईचा कसलाही हक्क राहणार नाही, ती कायमची आजीकडे. तुला सांगितलं, शाळेत नाव घालायला लागतो. तू घाईत होतीस, बॅग भरत होतीस, आणि तुझा माझ्यावर विश्वास होता. तू न वाचता सही केलीस.

तो टायपिस्ट म्हणाला होता, ही काळ्या दगडावरची रेघ आहे, मोठा साहेबही पुसू शकत नाही. मी ते खरं मानलं. छापल्यासारखी अक्षरं, वर तिकीट, खाली शिक्का. मी जन्मभर छापलेल्या कागदाच्या कडा सरळ केल्या, त्यावर लिहिलेलं खोटं असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आठ महिन्यांनी तू खोली घेऊन आलीस तेव्हा तो कागद तुझ्यासमोर धरला आणि म्हटलं, पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवलास तर पोलीस येतील. दुसऱ्या वेळी तुझ्या भावाला घेऊन आलीस. त्यालाही तो दाखवला. त्यानं तो वाचला, आणि मान खाली घालून तुला घेऊन गेला. तिसऱ्या वेळी तू वर आलीच नाहीस, समोरच्या फुटपाथवर उभी राहिलीस, शाळा सुटायच्या वेळी. मी खिडकीतून पाहिलं आणि मुंगीला मागच्या दारानं आत घेतलं.

इथपर्यंत मला एक पळवाट आहे, की मला तरी कुठे ठाऊक होतं. यापुढे तीही नाही.

गेल्या वर्षी एका दुपारी मी दुसऱ्या दिवसाचा फर्मा काढला. पिवळा दोरा, चौदावा, पान दोनशेनऊ ते दोनशेचोवीस. नेहमीसारखी बोट ठेवून वाचत होते. त्यात लिहिलं होतं की आईबापानं घरगुती कागद करून मूल दुसऱ्याच्या हवाली केलं, तरी त्या कागदानं त्यांचा हक्क संपत नाही. मुलाचं भलं कशात आहे ते पाहून फक्त कोर्टच ठरवू शकतं. कायद्याच्या पुस्तकात इतकं सोपं वाक्य मी पहिल्यांदाच पाहिलं. एकही जोडाक्षर अडलं नाही. पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग नुसतंच बोट ठेवून बसले.

मुंगीनं तो कागद पाहिलेला आहे. लहानपणी आईबद्दल विचारायची तेव्हा मी तिला तोच दाखवायचे. बघ, तुझ्या आईची सही. तुला देऊन टाकली तिनं, लग्न केलं, आता तिला दोन मुलगे आहेत. तू लग्न केलंस की नाही मला माहीत नाही, सूनबाई. मी मात्र तुझं लग्नही लावलं आणि दोन मुलगेही देऊन टाकले. मग तिनं विचारायचं सोडून दिलं.

ती तो फर्मा वाचणार आणि तिला तो कागद आठवणार, हे मला उजेडासारखं स्वच्छ दिसलं. मी चौदावा बाजूला ठेवला आणि सकाळी पंधरावा वाचायला घेतला. वाटणी मीच करायचे, तिनं कधी पानांचे आकडे पाहिले नाहीत. आजी देते ते बरोबरच असणार. तीसुद्धा तुझ्यासारखीच न वाचता विश्वास ठेवते. परीक्षेआधी उजळणी असायची, तेव्हाही गाठी मारायला मी, मोजायला मीच. आठ महिने तो फर्मा माझ्या डब्यात त्याच कागदाखाली पडून होता.

आणि पेपरात नेमकं तेच आलं. एका आजोबांनी कागद करून नातवाला ठेवून घेतलं आहे, आईला काय हक्क, वीस मार्क. तिनं ते कोरं सोडलं. घरी येऊन सगळे पिवळे फर्मे खाली मांडले आणि आकडे लावले. दोनशेआठनंतर दोनशेपंचवीस. मला म्हणाली, आजी, तुझ्या बाइंडिंगवाल्यांनी अख्खा फर्मा गाळलाय. आणि मी म्हटलं, असतात अशी नालायक माणसं, जुळवणीला बसून गप्पा मारतात. चौतीस वर्षांत आमच्या टेबलावरून एक फर्मा गळू दिला नव्हता आम्ही. ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसले, त्यांना मी माझ्या पापासाठी नालायक म्हटलं.

आता गोष्ट अशी आहे. परवा शनिवारी ती पगार कापून घेऊन विद्यापीठात जाणार आहे, तिथे बसून ती सोळा पानं हातानं उतरवून आणायला. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन. म्हणजे ती वाचणार हे ठरलेलंच आहे. माझ्या हातात राहिलंय ते इतकंच, की तिनं ती पानं तिथल्या बाकावर एकटीनं वाचायची की माझ्या हातून घेऊन. माझ्याकडे उद्याचा एक दिवस आहे. मी काय करीन ते मला ठाऊक नाही, सूनबाई, खोटं कशाला बोलू. मी भित्री आहे. पण हे पत्र आधी टाकते, म्हणजे माझी छाती झाली नाही तरी तुला तरी खरं कळेल.

तिला पत्र लिही. दोन शब्द नको, पुष्कळ लिही.

आई
(हे आता तू म्हण अगर म्हणू नकोस)


रविवार, ता. १९

चि. सूनबाईस,

आशीर्वाद लिहिते आहे, घ्यायचा की नाही ते तू ठरव.

शुक्रवारी सकाळी मी चहाच्या कपाशेजारी तो फर्मा ठेवला. मुंगी केस विंचरत होती. आकडा दिसला तशी तिचा हात थांबला. खुशीनंच म्हणाली, “कुठे सापडला गं?”

मी म्हटलं, “सापडला नाही. माझ्याकडेच होता.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फर्म्याकडे. मला वाटलं, आता मलाच वाचायला लावेल. पण तिनं स्वतःच उचलला आणि खिडकीशी उभी राहून वाचायला लागली. ती फार भरभर वाचते, मला माहीतच नव्हतं. वर्षभर माझ्या ढकलगाडीमागे चालत होती ती माझं मन राखायला. एका जागी तिचं बोट थांबलं. ती आत गेली, माझा डबा घेऊन आली, तो कागद काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. वकील कागद कसा बघतात ते मी त्या दिवशी पाहिलं. वरून खाली, मग मागची बाजू. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

पुढचं जसं झालं तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

“ती आली होती?”

“आली होती.”

“किती वेळा?”

“तीनदा.”

“आणि लग्न? ती दोन मुलं?”

“ते मीच सांगितलं. मला काही ठाऊक नाही.”

मग मी तुझी दोन ओळींची चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती तिनं मात्र हळू वाचली. माझ्यापेक्षाही हळू. “अजून लागू आहे” या शब्दांवर पुन्हा पुन्हा परत जात होती, मला तिचे डोळे दिसत होते. मग ॲप्रन घातला, खिशात चौदावा फर्मा ठेवला आणि कामावर गेली. चहा तसाच राहिला.

दिवसभर मी काय केलं ते विचारू नकोस. स्वयंपाक करून ठेवला, पुन्हा गरम केला, झाकून ठेवला. संध्याकाळी ती आली, हातपाय धुतले, माझ्यासमोर बसली. मला वाटत होतं आता आईचं काढेल. ती म्हणाली, “तू तुझ्या माणसांना नालायक म्हणालीस, आजी. माझ्यासमोर. आणि मी पण हसले.” तेवढं बोलून तिला रडू फुटलं. ती दहा वर्षांची होती तेव्हा पडून तिचा हात मोडला होता, त्यानंतर मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला तर तिनं तो हलकेच बाजूला केला. झटकला नाही. बाजूला केला. झटकला असता तर मला सोपं गेलं असतं.

कालचं विद्यापीठ अर्थात रद्द झालं. त्याऐवजी ती मालकीणबाईंकडे जाऊन बारा तारखेपर्यंतची रजा घेऊन आली. येत्या शनिवारी, पंचवीस तारखेला, ती तुझ्याकडे येते आहे. दुपारी दोनची बस, तुझ्या गावाच्या स्टँडवर सहाला पोचते. अभ्यास तिथे करणार. परीक्षेच्या केंद्राला तुझ्याकडूनही बस आहे, हे तिनं चौकशी करून ठेवलंय. तिथून पुढे इकडे कधी यायचं ते ती बोलली नाही. विचारायचा मला हक्क असेल तर तो कुठल्या तरी फर्म्यात लिहिलेला असेल, मी अजून तिथवर पोचले नाही.

ती तुलाही लिहिणार आहे म्हणाली. पण काल चार कागद फाडले तिनं, तेव्हा कदाचित माझंच पत्र आधी येईल.

आता ज्याच्यासाठी मुख्य लिहायला बसले ते. तिच्या अभ्यासाची पद्धत तुला माहीत असायला हवी, नाहीतर ती पुन्हा मागे पडेल आणि मग खोकं परत पाठवायची भाषा करील.

पिवळ्या दोऱ्याचे एकतीस फर्मे मी एका पिशवीत भरून देते आहे, सतरा दिवसांत दोन दोनच्या हिशेबानं एकदा पुरे होऊन वर थोडी फुरसत उरते. एकदम सगळी पिशवी तिच्यासमोर ठेवू नकोस. जाडी दिसली की तिचा धीर खचतो, बाहेरून दाखवत नाही. रोज सकाळी दोनच काढून दे. पहिला तू वाच आणि तिनं ऐकावा. तुझं वाचन माझ्यापेक्षा बरंच असेल, तरी मुद्दाम हळू वाच. दुसरा तिचा तिला वाचू दे, त्या वेळी तिच्याशी बोलू नये. वाचताना ती पायाचा अंगठा हलवते, अंगठा थांबला म्हणजे समजत नाहीये असं समज. मग थोड्या वेळानं आपणच एखादा खुळ्यासारखा प्रश्न विचारायचा. खुळा प्रश्न समजावता समजावता तिचं तिलाच उमगतं. मी वर्षभर पुष्कळ खुळे प्रश्न विचारले, त्यातले निम्मे मला खरंच कळत नव्हते.

वाचून झालं की दोऱ्याला गाठ ती स्वतः मारील. तू मारायची नाहीस. मी मारायचे, तीच चूक झाली.

आणि आकडे बघून घेत जा. तीही बघेल, आता ती बघितल्याशिवाय राहायची नाही, पण तूही बघ. शुक्रवारी रात्रीच तिनं पिशवीतला प्रत्येक फर्मा काढून आकडे जुळवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्यासमोर बसून. मी शेजारी दिवा धरल्यासारखी नुसती बसले होते. एकही कमी नव्हता. ती बरं म्हणाली. मला तेवढं एक बरं पुरलं दोन दिवस.

जेवणाचं फारसं नाही, ताटात पडेल ते खाते, पण पुस्तक समोर असलं की घास हातातच राहतो. ओरडायचं नाही, नुसतं पुस्तक उचलून घ्यायचं. झोपताना पाय उघडे टाकते. थंडी वाजली तरी उठून पांघरायची नाही. डाव्या मनगटाला हवा बदलली की कळ येते, मोडलेल्या हातामुळे. ती सांगणार नाही, एरवी डावखुरी असून बरणीचं झाकण उजव्या हातानं उघडायला लागली की ओळख.

हे सगळं तुला मी सांगते आहे. तुला. पाहा, काय वेळ आणली मी तुझ्यावर, आपल्या लेकीला थंडी वाजते का ते सासूनं कळवायचं.

एकोणीस वर्षांचं काय ते मी लिहू शकत नाही. क्षमा हा शब्द लिहून पाहिला, खोडला. तो शब्द मागणाऱ्याच्या सोयीचा असतो. तू मला बोल लाव, नको लावूस, पत्र फाड, ठेव. पण तिच्यासमोर मला फार वाईट म्हणू नकोस, एवढं मागणार होते. मग वाटलं, मी तुझ्याबद्दल तिच्यासमोर काय काय म्हटलंय. तेव्हा तेही मागत नाही. जे खरं असेल ते सांग तिला. तिला आता खरंच चालतं.

एक शेवटचं, आणि हे नीट वाच.

ती बसमधून उतरली की तू थांबू नकोस. ती ओळखून येईल म्हणून वाट बघत उभी राहू नकोस. ती तुला ओळखायची नाही, सूनबाई. या घरात तुझा एकही फोटो नाही. लग्नातलेसुद्धा नाहीत, मी तुझ्या बाजूनं कापून टाकले होते. काल तिनं मागितला आणि माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. ती खिडकीशेजारच्या आरशापुढे जाऊन उभी राहिली, स्वतःकडे बघितलं, मग मला विचारलं, माझ्यासारखी दिसते का ती. मी म्हटलं, आता कशी दिसते ते मला माहीत नाही.

म्हणून तूच पुढे हो. डावा खांदा खाली, हातात जड पिशवी, आणि ती पिशवी कोणालाही घेऊ देणार नाही अशी मुलगी उतरेल. तिला आधी तू हाक मार. मुंगी म्हणू नकोस, ते आमचं. तू जी मारायचीस ती मार.

मुंगीची आजी
(तुम्ही दोघी म्हणाल तोवर)